कात्री कुठे चालवायची

व्यंगचित्राच्या कोपऱ्यातली सही कापून ते चित्र पुढे पाठवणाऱ्या माणसाला मी चोर म्हणतो. मग तो शेजारी असो, मेहुणा असो, की रोज पहाटे न चुकता सुविचार पाठवणारे निवृत्त मुख्याध्यापक असोत. शब्द कडक आहे, ठाऊक आहे. मागे घेणार नाही.

शि. द. फडणीसांचं कुठलंही जुनं चित्र डोळ्यांसमोर आणा. संवाद नाही, खाली ओळ नाही, बाण दाखवून समजावणं नाही. अख्ख्या चौकटीत अक्षरं असतात ती बहुधा सहीचीच. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी १९२५ साली जन्मलेल्या या चित्रकाराने मासिकांची मुखपृष्ठं हसरी केली, ‘हसरी गॅलरी’ घेऊन गावोगाव प्रदर्शनं केली, शाळेच्या गणिताच्या पुस्तकात चित्रं काढून मुलांची आकड्यांची भीती घालवली. आणि आपण काय करतो? चित्रातली तेवढी अक्षरं कापतो, वर पिवळे हसरे चेहरे चिकटवतो आणि ‘आजचा विनोद’ म्हणून सोडून देतो. १९९१ साली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी सुरू केलेल्या ‘चिंटू’चंही तेच. पट्टी फिरते, नावं गळतात. ज्या घरात चिंटू पाठ आहे, त्या घरात त्याच्या जन्मदात्यांची नावं विचारून बघा.

कायदा याबाबत गुळमुळीत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की कलाकाराने आपले हक्क पैसे घेऊन विकले, तरी ‘हे काम माझं आहे’ असं म्हणण्याचा अधिकार त्याच्याचकडे राहतो. तो विकला जात नाही. आपण मात्र बोटाच्या एका चिमटीत तो काढून घेतो, आणि तेही फुकट. मराठीत निव्वळ व्यंगचित्रांवर संसार चालवणं किती अवघड आहे, ते त्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. दिवाळी अंकाचं मानधन वर्षातून एकदा. बाकीचे दिवस ती सहीच त्याला काम आणून देते. संपादक चित्र बघतो, नाव वाचतो, फोन लावतो. नाव कापलं की फोन येत नाही. इतकी सरळ गोष्ट आहे ही.

माझा राग पाठवण्यावर नाही. एका हाताने व्यंगचित्र, दुसऱ्या हाताने शेअर बाजाराची बातमी, पाठोपाठ आसामातल्या कुठल्या पक्ष्याचा व्हिडिओ, असं सगळं एकत्र पाठवणाऱ्यांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. ‘एक काहीतरी धरून बोला’ म्हणतात. मी त्यांच्या बाजूचा नाही. कुतूहल एका खणात बसत नाही, आणि बसू नये.

मराठीला तर हा नाद शंभर वर्षं जुना आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते एका कारखान्याचं पत्र म्हणून. नांगर बनवणाऱ्यांचं पत्र. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः हाडाचे चित्रकार. त्यांच्या ‘टाकांच्या फेकी’ म्हणजे मराठी व्यंगचित्रकलेचा एक पायाच. उद्योगाची बातमी आणि टाकाची रेघ एकाच पत्रात आली, आणि त्यातून पुढे ‘किर्लोस्कर’ हे मराठी मध्यमवर्गाला वळण लावणारं मासिक उभं राहिलं. उद्योग आणि हसू यांचं वैर आहे असं त्यांना वाटलं नाही. मलाही वाटत नाही.

फरक एवढाच, की त्या पानांना संपादक होता. काय छापायचं, कुणाच्या नावाने, कुठल्या तारखेचं, हे ठरवणारा आणि चुकलं तर पुढच्या अंकात तोंड दाखवणारा. आता ती खुर्ची तुमची आहे. दोनशे माणसांच्या गटात एक चित्र टाकणारा माणूस दोनशे प्रतींचं पत्रक काढतो. ‘मी फक्त पुढे ढकललं’ हे वाक्य संपादकाच्या तोंडी शोभत नाही.

हेच वाक्य एकदा मुंबईतल्या एका न्यायाधिकरणासमोर गेलं होतं. कंपन्यांचे तिमाही निकाल जाहीर होण्याआधीच त्यांचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरत होते, हे २०१७ च्या अखेरीस उजेडात आलं. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने चौकशी केली, ते संदेश पुढे पाठवणाऱ्या काहींना दंड ठोठावला. ‘आलं तसं पाठवलं’ हा त्यांचा बचाव. २०२१ मध्ये रोखे अपिलीय न्यायाधिकरणाने ते दंड रद्द केले, कारण ती माहिती कंपनीच्या आतूनच फुटली होती हे सिद्ध झालं नाही. कायद्याच्या काट्यावर निकाल बरोबर असेल. गुन्हा सिद्ध व्हायला पुरावा लागतोच. पण गुन्हा सिद्ध झाला नाही म्हणजे वागणं शहाणपणाचं होतं, असं होत नाही.

धंद्याच्या बातमीतून कापली जाते ती तारीख. आणि या कापण्याने माणसं उपाशी राहतात.

सप्टेंबर २०१९ आठवा. रिझर्व्ह बँकेने पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आणले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत मिळून १ हजार रुपये काढता येणार होते. ही बातमी खरी होती. मुंबईतले रिक्षावाले, निवृत्त लोक, गृहनिर्माण संस्थांचे खजिनदार शाखांसमोर रडत उभे होते. ते दुःख समोर दिसत असतानाच दुसरा एक संदेश सुटला: देशातल्या नऊ बँका कायमच्या बंद होणार, पैसे काढून घ्या. खाली यादी, आणि त्या यादीत बँक ऑफ महाराष्ट्रही. रिझर्व्ह बँकेला जाहीरपणे सांगावं लागलं की हे खोटं आहे. त्याच यादीत देना बँकेचं नाव होतं. देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोद्यात विलीन झालेली होती. म्हणजे जी बँक अस्तित्वातच नाही, ती बंद होणार म्हणून लोक घाबरले. यादीवर तारीख असती, तर ती जुनी आहे हे शाळकरी पोराने ओळखलं असतं. तारीख नव्हती, म्हणून ती नेहमीच ‘आजची’ राहिली.

आमच्याकडची शिकलेली माणसंसुद्धा ही यादी पाठवत होती. काळजीपोटी पाठवत होती, हेही खरं. पण बँकेच्या बाबतीत काळजीनेच घात होतो. ठणठणीत बँकही सगळ्या ठेवीदारांना एकाच दिवशी पैसे देऊ शकत नाही, कारण तिने ते कर्जाऊ दिलेले असतात. बँकेचा धंदाच तो आहे. रांग लागली की अफवा खरी होण्याच्या वाटेला लागते.

शेअरचं तर विचारूच नका. २८ सप्टेंबर २०१८ ला इन्फीबीम या कंपनीचा शेअर एका दिवसात ७० टक्क्यांहून जास्त कोसळला, आणि त्या पडझडीमागे व्हॉट्सॲपवर फिरलेल्या एका संदेशाचं नाव घेतलं गेलं. उलट्या दिशेचंही उदाहरण आहे. साधना ब्रॉडकास्ट नावाच्या छोट्या कंपनीबद्दल २०२२ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ आले, एक मोठा उद्योगसमूह ती विकत घेणार असल्याच्या थापा मारल्या, सामान्य गुंतवणूकदार धावले आणि आधीपासून शेअर घेऊन बसलेल्यांनी त्यांच्या गळ्यात माल मारला. मार्च २०२३ मध्ये सेबीचा आदेश आला. एप्रिल २०२४ मध्ये तर राष्ट्रीय शेअर बाजाराला इशारा द्यावा लागला, की आमच्या प्रमुखांचा चेहरा आणि आवाज वापरून शेअर सुचवणारे व्हिडिओ बनावट आहेत. ज्या माणसाने शेअर सुचवायचेच नसतात, त्याच्या तोंडून शेअर सुचवले गेले, आणि ते पाठवताना कुणी क्षणभर थांबलं नाही.

कापण्याबद्दल बोलतोय तर इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ती धंद्याची नाही आणि जंगलाचीही नाही. कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी छोटी फिल्म बनवली होती: मोटारसायकलवरचे दोघे खेळतं मूल उचलतात, परत आणून सोडतात आणि ‘मूल पळवायला क्षणही पुरतो’ असा फलक दाखवतात. कुणीतरी शेवटचा फलक कापला. उरलं ते मूल पळवण्याचं ‘चित्रण’, आणि ते भारतभर फिरलं. त्याच काळात, त्याच भीतीत, १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली, अशी अफवा त्या भागात मोबाइलवर फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

‘आवाज’च्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं जुन्या वाचकांना आठवत असतील. पानाला कापलेली खिडकी, तिच्यातून दिसणारं काहीतरी भलतंच, आणि पान उलटलं की अगदी निरागस चित्र. चित्राचा तुकडा कापला की त्याचा अर्थ कसा फिरतो, हे मराठी माणसाइतकं कुणाला शिकवलेलं नसेल. तिथे पान उलटायची सोय होती. मोबाइलवर खिडकी तेवढी येते, मागचं पान कुणीच पाठवत नाही.

आता प्राण्यांकडे येतो, कारण इथे नियम उलटा होतो आणि भले भले चुकतात.

व्यंगचित्राचं नाव ठेवा, बातमीची तारीख ठेवा. प्राण्याचं नेमकं ठिकाण मात्र कापा. ९ डिसेंबर २०२० च्या सकाळी पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीच्या परिसरात एक रानगवा आला. मागच्या टेकडीच्या बाजूने भरकटलेला. गवा हा लाजाळू प्राणी. एवढं धूड असूनही माणसाची चाहूल लागली की झाडीत सरकणारा. त्याला मिळाली काय तर सिमेंटच्या भिंती आणि क्षणाक्षणाला वाढणारी माणसं. ठिकाण कळत गेलं, तशी गर्दी होत गेली. लोक मोबाइल उंचावून त्याच्यामागे पळत होते. तो भिंतींना धडकला, रक्ताळला, धापा टाकू लागला. भुलीचं इंजेक्शन, जाळी, दोर. त्याला पकडलं, आणि तो मेला. त्याने कुणाला मारलं नव्हतं. पुणेकर त्या दिवशी हळहळले, पण ज्या व्हिडिओंवर हळहळत होते ते पाठलाग करणाऱ्यांनीच काढलेले होते.

दोनच आठवड्यांत बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. या वेळी वनखात्याने आणि पोलिसांनी आधी माणसं अडवली, मग गव्याला वाट मोकळी ठेवली. तो जंगलाकडे परत गेला. तेच शहर, तोच महिना, तोच प्राणी. बदलली ती गर्दी. म्हणून माझं म्हणणं असं, की सोसायटीत बिबट्या, गवा, मगर काहीही दिसलं तर पहिला फोन वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लावा. गटात टाकायचा मोह होतच असेल, तर प्राणी निघून गेल्यावर टाका. नवल शिळं होत नाही.

बिबट्याबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त खोटं त्याच्याबद्दल फिरतं. सीसीटीव्हीतली एकच चित्रफीत आज नाशिकची असते, उद्या नगरची, परवा साताऱ्याची. गावाचं नाव बदललं की ती ताजी. आता तर बिबट्या संगणकावर घरबसल्या बनवता येतो, सोफ्यावर बसवता येतो. वनरक्षक मोटारसायकल काढून दहा-वीस किलोमीटर जातो, पाऊलखुणा शोधतो, काहीच सापडत नाही. तेवढ्या वेळात दुसरीकडे खरोखरच उसाच्या फडात पिल्लं सापडलेली असतात आणि तिथे कुणी पोहोचलेलं नसतं. ज्या गावात बिबट्याने माणूस मारला आहे, त्या गावात अंधार पडल्यावर मुलं शौचाला बाहेर जायला घाबरतात. त्यांच्या भीतीशी खेळ करणाऱ्यांची मला चीड येते.

खरी गोष्ट हवी असेल तर ‘आजोबा’ची पाठवा. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढलं, विद्या अत्रेय यांच्या चमूने गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटाजवळ सोडलं. तो तिथे राहिला नाही. वस्त्या, रस्ते, रेल्वे ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत कुणाला ओरखडा काढला नाही. पट्टा नसता तर तो माणसांच्या इतक्या जवळून गेला हे कुणाला कळलंही नसतं. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने तो गेला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपट आला. ही गोष्ट पाठवताना एकही ओळ फुगवावी लागत नाही.

आणि मांडूळ. धंदा आणि जंगल जिथे एकमेकांत मिसळतात ती ही सगळ्यात घाणेरडी जागा. ‘दोन तोंडांचा साप, वजन इतकं असेल तर किंमत कोटीत’ असे व्हिडिओ गावागावांत फिरतात. गुप्तधन, औषध, नशीब, काय वाट्टेल ते सांगतात. कुणी एक जण शेतातून मांडूळ उचलतो, दुसरा गिऱ्हाईक शोधतो, तिसरा पोलिसांचा खबऱ्या निघतो, आणि पेपरात आत कुठेतरी चार ओळी येतात: मांडूळ विकायला आलेले अटकेत. कोटी कुणालाच मिळत नाहीत. साप मात्र पोत्यात गुदमरून गेलेला असतो.

या सापाला तोंड एकच. शेपूट आखूड आणि बोथट, डोक्यासारखी. संकट आलं की तो वेटोळं करून डोकं खाली दडवतो आणि शेपूट वर धरतो, म्हणजे वार बसलाच तर शेपटीवर बसावा. बिनविषारी आहे. अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतो. जमिनीत राहून उंदीर खातो, म्हणजे ज्या शेतकऱ्याचा मुलगा त्याला विकायला निघतो त्याच शेतकऱ्याचं धान्य तो राखत असतो. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. कोटीच्या अफवेपेक्षा हे दडवलेलं डोकं कितीतरी पटीने नवलाचं नाही का? पण हे कुणी पाठवत नाही.

‘गुदगुल्या करून घेणारं गोड माकड’ म्हणून तुमच्या मुलीने जो व्हिडिओ दहा वेळा पाहिला असेल, तो स्लो लोरिस. दक्षिण आणि आग्नेय आशियातला हा निशाचर प्राणी हात वर करतो तो घाबरून. त्याच्या कोपराजवळ ग्रंथी असते, तिचा स्राव लाळेत मिसळून तो विषारी चावा घेतो. हात वर करणं ही त्या चाव्याची तयारी. असे व्हिडिओ लोकप्रिय झाले आणि हे प्राणी पाळायची हौस वाढली. बाजारात विकताना त्यांचे दात चिमट्याने तोडतात.

तर या आठवड्याचा माझा गठ्ठा असा. व्यंगचित्र: फडणीसांचं एक निःशब्द चित्र, सहीसकट, पुस्तकाचं नाव खाली लिहून, म्हणजे कुणाला आवडलं तर विकत घेता येईल. बातमी: ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा आहे, आधी तो १ लाख होता, एका माणसाला एका बँकेत एकदा. सहकारी बँकेत सगळी पुंजी ठेवलेल्या काकांना हे आजच पाठवा.

आणि नवल म्हणून एक कासवीण. ऑलिव्ह रिडले जातीची. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर संशोधकांनी तिच्या पुढच्या परावर धातूची पट्टी बसवली. क्रमांक ०३२३३. जानेवारी २०२५ मध्ये ती रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरला वाळूत अंडी घालताना सापडली. श्रीलंकेला वळसा घालून आली असं धरलं तर साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात प्रवास झाला. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं समजणाऱ्यांना तिने नव्याने विचार करायला लावला, आणि ते जमलं कारण तिच्या अंगावर क्रमांक होता आणि कुणीतरी त्या क्रमांकापुढे तारीख आणि जागा नीट लिहून ठेवली होती. जिल्हा सांगितला, गाव सांगितलं, साल सांगितलं. घरटं किनाऱ्यावर नेमकं कुठे होतं, ते विचारू नका.